ससूनचा पणतू आणि ऐकून घेणारा डॉक्टर

ससून म्हटलं की पुणेकराला हॉस्पिटल आठवतं आणि मुंबईकराला मासळीचा धक्का. ज्यांच्या देणगीतून पुण्याचं ते हॉस्पिटल उभं राहिलं, ते डेव्हिड ससून बगदादहून मुंबईत आले आणि इथल्या व्यापारात मोठे झाले. त्यांचा एक पणतू इंग्लंडात जन्मला. त्याचं नाव सीगफ्रीड ससून. तो कवी होता आणि पहिल्या महायुद्धात मिलिटरी क्रॉस मिळवलेला शूर अधिकारीही होता. जुलै १९१७ मध्ये त्यानं युद्ध लांबवण्याविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. सैन्यानं त्याच्यावर खटला भरण्याऐवजी त्याला आजारी ठरवलं आणि एडिनबर्गजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात धाडलं. तिथे त्याला जो डॉक्टर भेटला, त्याची हकिकत आज सांगायची आहे.

बोलून मन मोकळं करण्याची उपचारपद्धती त्याआधी काही वर्षं व्हिएन्नात रुजली होती. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचं हिस्टेरियावरचं पुस्तक १८९५ सालचं. हिस्टेरिया हा शब्दच मुळी गर्भाशयावरून आलेला. त्यामुळे हा बायकांचा आजार, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

महायुद्धानं ती समजूत उलटवली. खंदकांतून परतणाऱ्या धडधाकट पुरुषांची वाचा बसू लागली, हात थरथरू लागले, पाय लुळे पडू लागले. रात्री ते किंचाळत उठत. १९१५ साली डॉ. चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये या विकारावर लिहिताना 'शेल शॉक' हा शब्द वापरला. तोफगोळ्याच्या दणक्यानं मज्जातंतूंना इजा होत असावी, असा आधी तर्क होता. पण ज्यांच्या जवळपास गोळा पडलाच नव्हता, त्यांनाही हा विकार होत होता. मग अनेकांनी सोपं निदान केलं : हे भित्रे आहेत. पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांखाली ज्यांना त्या युद्धात गोळ्या घातल्या गेल्या, त्यांच्यापैकी ३०६ जणांना ब्रिटननं २००६ मध्ये मरणोत्तर माफी दिली. त्यांतले कित्येक खरं तर आजारी असावेत.

उपचारही कठोर होते. लंडनमध्ये डॉ. यीलंड हे मुक्या झालेल्या शिपायांच्या घशाला विजेचे झटके देऊन त्यांना बोलतं करत. क्रेगलॉकहार्टच्या डॉ. रिव्हर्स यांची वाट मात्र वेगळी होती. हे गृहस्थ मानववंशशास्त्रज्ञही होते. १९०१-०२ मध्ये निलगिरीत राहून त्यांनी तोडा जमातीचा अभ्यास केला होता. परक्या माणसाचं बोलणं धीरानं ऐकून घेण्याची सवय त्यांना तिथेच लागली असेल. गंमत अशी की, ते स्वतः बोलताना अडखळत.

त्या काळी आजारी अधिकाऱ्यांना घरचे आणि डॉक्टर एकच सल्ला देत : ते सगळं विसरा, दुसरं काहीतरी चांगलं मनात आणा. रिव्हर्सना आढळलं की, जो दिवसभर आठवणी दाबून ठेवतो, त्याच्यावर त्या रात्री चालून येतात. डिसेंबर १९१७ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी एका अधिकाऱ्याची हकिकत दिली आहे. हा अधिकारी मित्राला शोधायला गेला, तेव्हा त्याला मित्राच्या देहाचे तुकडे सापडले. ते दृश्य रोज स्वप्नात येई. रिव्हर्सनी त्याला ते टाळायला सांगितलं नाही. त्याच्याशी त्याविषयीच बोलून त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली : देहाची अशी अवस्था झाली, याचा अर्थ मित्र तत्क्षणी गेला, तो तळमळत पडला नाही. पुढे काही रात्री स्वप्न आलंच नाही. मग आलं, तेव्हा हा अधिकारी मित्राशेजारी गुडघे टेकून बसला होता आणि त्याच्या घरच्यांसाठी वस्तू गोळा करत होता. जागा झाला तो रडत. भीती गेली होती, उरलं होतं ते निव्वळ दुःख.

रिव्हर्स प्रामाणिक होते. दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या अनुभवात धीर देण्याजोगं काहीच सापडलं नाही, हेही त्यांनी त्याच निबंधात नोंदवलं आहे. बोलणं ही जादू नव्हे.

ससून आठवड्यातून तीनदा संध्याकाळी रिव्हर्सच्या खोलीत जाऊन बसे. नोव्हेंबरात तो आपणहून सैनिकी सेवेत परतला. कारण कुठलाही उपचार असो, त्याचा हेतू माणसाला पुन्हा लढायला पाठवणं हाच होता. आणि क्रेगलॉकहार्टचं ते इस्पितळ फक्त अधिकाऱ्यांसाठी होतं. साध्या शिपायाच्या वाट्याला इतक्या निवांतपणे ऐकून घेणारा डॉक्टर क्वचितच येई.

मग आपल्या शिपायांचं काय? सहावं पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकलं आणि एप्रिल १९१६ मध्ये शरण गेलं. त्यात मराठा पलटणींचे जवान होते. सातारा-रत्नागिरीकडच्या काही गावांत अजून शिलालेख दिसतात : या गावातून इतकी माणसे महायुद्धात गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. जे परत आले, त्यांना रात्री काय दिसत होतं, ते कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. त्यांनी मुकाट्यानं पुन्हा नांगर धरला. गावानं त्याचं कौतुक केलं असेल, पण कुणी विचारलं नसेल.

ती सवय आपल्या घरांतून अजून गेलेली नाही. 'पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय?' हे वाक्य प्रत्येक मुलाच्या कानावर पडतं. २०२२ च्या सरकारी नोंदींनुसार देशात आत्महत्या केलेल्या दर दहा जणांत सुमारे सात पुरुष होते. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा सुरू आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. पण त्याआधी घरातलं एक माणूस पुरेसं असतं. भाऊ, वडील किंवा मित्र गप्प गप्प दिसला, तर 'विसरून जा' म्हणू नका. शेजारी बसा आणि विचारा, 'काय झालं, सांगशील?' आणि मग मध्ये न बोलता ऐका.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)