गाडीचा मालक कोण? (एक वर्धेकर हिशेब)

१९४८ सालची गोष्ट. देश स्वतंत्र होऊन वर्ष उलटलं न उलटलं तोच एका भारतीय कंपनीने परदेशातून स्कूटर आणि तीनचाकी आणून विकायला सुरुवात केली. स्कूटर इटलीची, व्हेस्पा. कंपनीचं नाव बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन, नोंदणी २९ नोव्हेंबर १९४५ची. आता हे बछराज कोण? तर आमच्या वर्ध्याचे शेठ बछराज बजाज. त्यांनी राजस्थानातल्या सीकरजवळच्या एका खेड्यातून एक लहान मुलगा नातू म्हणून दत्तक आणला. तो मुलगा म्हणजे जमनालाल. गांधीजींचा मानलेला पाचवा मुलगा.

ज्या घराने विदेशी कपड्यांची होळी केली, ज्या माणसाने रायबहादुरकी परत केली, १९२८ साली वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं आणि पुढे सेवाग्रामसाठी जागा दिली, त्याच घराच्या पुढच्या पिढीने धंदा मांडला तो इटालियन स्कूटरचा! जमनालाल तोपर्यंत हयात नव्हते, ते १९४२ सालीच गेले. ते असते तर काय म्हणाले असते, हा माझा आवडता टाइमपास प्रश्न आहे.

हे सगळं आठवायचं कारण ताजं आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएमचा ताबा पूर्णपणे आपल्याकडे घेतला. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दिवसभर "आता केटीएम आपली" असे मेसेज. यातलेच काहीजण एरवी म्हणतात की देशी ब्रँड परदेशी माणसाच्या हातात गेला की संपला. म्हणजे आपण घेतली तर विजय, त्यांनी घेतली तर घात. पण गाडी चालवणाऱ्याचं काय? त्याला पेट्रोल तेच, खड्डे तेच. मालकाचा पासपोर्ट बदलल्याने त्याला नक्की काय फरक पडतो?

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या मते फरक पडतो, पण झेंड्यामुळे नाही. इंजिनाची ड्रॉइंग्ज कोणाकडे आहेत, आणि मॉडेल बंद करायचा निर्णय कोण, कुठे बसून घेतो, यामुळे पडतो. सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल: कंपनीचं ऑफिस कुठल्या देशात आहे हे नंतर बघू, आधी सोर्स कोड कोणाकडे आहे ते सांगा.

आता बजाजचाच इतिहास या नजरेने बघा. १९५९ साली सरकारी परवाना मिळाला, पियाजिओशी करार झाला आणि व्हेस्पा इथेच बनू लागली. (जमनालालांचे चिरंजीव कमलनयन तेव्हा वर्ध्याचे खासदार. १९५७पासून सलग तीनदा निवडून आले.) १९६०मध्ये कंपनीचं नाव बजाज ऑटो झालं. १९७१मध्ये पियाजिओचा करार संपला. त्या काळचं सरकारी धोरण असं की परदेशी कंपनीकडून तंत्रज्ञान घ्या, शिका आणि त्यांना नमस्कार करा. झालं. व्हेस्पाचं नाव गेलं, आणि १९७२मध्ये तोच सांगाडा राणा प्रतापच्या घोड्याचं नाव घेऊन आला. चेतक!

आमच्या भाषेत याला फोर्क म्हणतात. दुसऱ्याचा प्रोजेक्ट उचलायचा, नाव बदलायचं आणि आपली वेगळी फांदी सुरू करायची. यात गैर काही नाही. पण फोर्क केल्यावर त्यात नवं काही घालावंही लागतं ना राव. तिकडे इटलीत पियाजिओने नवनवी मॉडेलं काढली. इकडे चेतक मात्र जवळपास तीस वर्षं मूळ साच्यातच राहिली. आणि तीसुद्धा लगेच मिळायची नाही. पैसे भरून नंबर लावायचा आणि वाट बघायची, काही वेळा दहा-दहा वर्षं. मालक शंभर टक्के देशी, कारखाना देशी, स्पर्धा नाही. या तिन्हीचा फायदा ग्राहकाला किती झाला ते आपल्या आईबाबांना विचारा. स्कूटर एका बाजूला झुकवून किक मारणारा माणूस ज्याने बघितला नाही, त्याचं लहानपण भारतात गेलेलं नाही.

पण थांबा, दुसरी बाजू आहे. त्याच तीस वर्षांमुळे चेतकचा प्रत्येक पार्ट आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत कुठेही मिळायचा, आणि दुरुस्त करणारा माणूस त्याहून सहज मिळायचा. डिझाइन बदललं नाही हा शाप होता तसं वरदानही होतं. वर्ध्यात आमच्या घराजवळ एक जुने मिस्त्री आहेत. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "काका, कोणती गाडी चांगली?" ते म्हणाले, "कंपनी कोणाची हाय ते कायले पाह्यतं? पार्ट भेटते का, ते पाह्य." एवढ्या वर्षांत याहून चांगला बाइक रिव्ह्यू मी वाचलेला नाही :-)

आता उलट उदाहरण घेऊ, खरोखर देशी ब्रँड परदेशी हातात गेल्याचं. राजदूत. एस्कॉर्ट्सची गाडी, तीही मुळात पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली. खेड्यापाड्यातल्या दूधवाल्यांची ठरलेली गाडी. दोन्ही बाजूंना कॅन लटकवा, मध्ये बायकोला बसवा, गाडी कुरकुरणार पण पोचवणार. एस्कॉर्ट्सने पुढे यामाहाशी हात मिळवला, १९८५मध्ये आरएक्स १०० आली आणि एका पिढीचं कॉलेज सार्थकी लागलं. मग मालकी सरकू लागली. नव्वदच्या दशकात निम्मी-निम्मी, २०००मध्ये यामाहाकडे ७४ टक्के, २००१मध्ये सगळीच. राजदूत हे नाव बाजारातून गेलं. परत कोणी आणलं नाही.

इथे "बघा, परदेशी मालक!" म्हणायचा मोह होतो. पण आरएक्स १०० तर १९९६मध्येच बंद झाली होती. या गाड्या टू-स्ट्रोक होत्या आणि धुराचे नियम कडक होत चालले होते, कुठल्याही मालकाला त्या फार दिवस तशाच विकता आल्या नसत्या. मालक बदलल्याचा परिणाम वेगळाच होता. गाडी बंद झाली तरी देशी मालकाने कदाचित राजदूत हे नाव एखाद्या फोर-स्ट्रोक गाडीवर चढवून जिवंत ठेवलं असतं, कारण त्याच्याकडे दुसरं नाव नव्हतं. जपानमध्ये बसलेल्या माणसाकडे यामाहा हे नाव होतं. त्याला राजदूतची गरजच नव्हती.

आणि देशी मालक नाव जपतोच असंही नाही. बजाजनेच २००९च्या शेवटी जाहीर केलं की आता स्कूटर नाही, फक्त मोटरसायकल. खुद्द राहुल बजाज यांनी या निर्णयाचं दुःख जाहीरपणे बोलून दाखवलं, आणि निर्णय घेणारा त्यांचाच मुलगा! "हमारा बजाज"वर वाढलेल्या लोकांना केवढा धक्का. कुठला परदेशी मालक नव्हता, बापलेकांतला मतभेद होता. (चेतक पुढे २०२०मध्ये इलेक्ट्रिक होऊन बाजारात परत आली, तो वेगळा विषय.)

हिरो होंडाचं काडीमोड प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १९८४चा संसार, डिसेंबर २०१०मध्ये वेगळं व्हायचं ठरलं, दोघांचे २६-२६ टक्के होते त्यातले होंडाचे हिरोच्या मालकांनी घेतले. टाकीवरचं नाव बदललं. स्प्लेंडर तशीच विकत राहिली, आजही विकते. गाडीवाल्याला जवळजवळ काहीच कळलं नाही. खरी कसरत कंपनीची होती, कारण इंजिन होंडाचं. परवान्याची मुदत संपायच्या आत स्वतः इंजिन बनवायला शिकणं भाग होतं. आणि होंडा? तिची शंभर टक्के परदेशी कंपनी २००१पासून ॲक्टिव्हा विकते आहे. विदर्भात कुठल्याही गिअर नसलेल्या स्कूटरला लोक ॲक्टिव्हाच म्हणतात. तिला परदेशी म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

बरं, पल्सर तरी शुद्ध देशी ना? नोव्हेंबर २००१मध्ये आली तेव्हा बजाजसाठी ही मोठी उडी होती. तोवरच्या मोटरसायकली कावासाकीच्या हात धरण्यावर चालल्या होत्या: केबी १००, फोर एस चॅम्पियन, बॉक्सर, कॅलिबर. पल्सरपासून ड्रॉइंग्ज बजाजच्या हातात आली. गंमत म्हणजे तिचं रूप रेखाटण्यात टोकियोची एक डिझाइन कंपनी आणि ग्लिन कर नावाचा इंग्रज डिझायनर होता. म्हणून ती परदेशी ठरते का? माझ्या मते अजिबात नाही. पैसे देऊन चित्र काढून घेणं वेगळं आणि दुसऱ्याच्या परवानगीने गाडी बनवणं वेगळं. पल्सरमध्ये उद्या काय बदलायचं हे आकुर्डीत ठरतं, आणि वीस-पंचवीस वर्षांत ती इतकी बदलली ती त्यामुळेच. चेतकच्या वेळीही ड्रॉइंग्ज हातात होती, फक्त बदलायची निकड नव्हती. होंडा-हिरोने ती निकड आणली.

गांधीजी १९३४पासून वर्ध्यात होते. मगनवाडीत ग्रामोद्योग संघ, कुमारप्पा, घाणी, हातकागद. स्वदेशीचा विषय निघाला की आपल्याला होळीच आठवते. पण त्यांची १९१६च्या मद्रासच्या भाषणातली व्याख्या देशाच्या सीमेबद्दल कमी आणि जवळच्या शेजाराबद्दल जास्त होती: जवळच्याने बनवलेलं आधी वापरा, त्यात खोट असेल तर ती सुधारा. आणि यंत्रांवर एवढी टीका करणारा हा माणूस सिंगरच्या शिलाई मशीनला खुशाल अपवाद करायचा. कंपनी अमेरिकन! घरात बसणारं, माणसाचे कष्ट वाचवणारं यंत्र त्यांना चालत होतं. मला तर यात आमच्या मिस्त्रीकाकांचाच सूर ऐकू येतो.

आता परत केटीएम. बजाजने नोव्हेंबर २००७मध्ये १४.५ टक्के घेतले, मग हळूहळू ४८च्या आसपास नेले. जानेवारी २०१२मध्ये चाकणला बनलेली ड्यूक २०० आली. पुढे इथल्या छोट्या ड्यूक जगभर जाऊ लागल्या. म्हणजे कुठल्यातरी युरोपियन पोराची पहिली केटीएम मराठी हातांनी जोडलेली असते. ते पोरगं कधी तक्रार करत नव्हतं. नोव्हेंबर २०२४मध्ये केटीएमने दिवाळखोरीचा अर्ज केला, मॅटिगहोफेनचा कारखाना थांबला, सुरू झाला, पुन्हा थांबला. धनकोंनी ३० टक्क्यांवर समाधान मानलं. बजाजने एकूण ८० कोटी युरोची सोय केली आणि जुलै २०२५मध्ये उत्पादन परत सुरू झालं. त्या काळात तिकडचा गाडीवाला नक्की कशाने धास्तावला असेल? वॉरंटी टिकेल का, पार्ट येतील का. पैसा पुण्याचा की व्हिएन्नाचा हे त्याच्या यादीत फार खाली असणार.

त्याचा खरा प्रश्न यापुढचा आहे. मोठी इंजिनं आजही मॅटिगहोफेनचे इंजिनिअर आखतात. ते लोक तिथे, त्याच कामावर राहिले तर ऑस्ट्रियातल्या गाडीवाल्याला मालक बदलल्याचं जाणवणारही नाही. खर्च वाचवायला तो विभाग आटवला, तर दहा वर्षांनी तिकडचा कोणीतरी त्याच्या ग्रुपवर राजदूतसारखीच गोष्ट लिहील, फक्त त्यातला परदेशी मालक आपण असू. पुढच्या वर्षभरात केटीएमच्या बातम्या वाचताना मी विक्रीचे आकडे नाही, नोकरकपात कुठल्या विभागात होते आहे तेवढं बघणार आहे.