मुलाला टाइप 1 डायबेटिस आहे, मग कोणत्या डॉक्टरांकडे जायचं?

मूल सारखं पाणी पितं, वारंवार लघवीला जातं, खाऊनही वजन उतरतं. 'उन्हाळा आहे' म्हणून घरात दुर्लक्ष होतं आणि एक दिवस उलट्या, धाप लागून थेट आयसीयू गाठावं लागतं. टाइप 1 डायबेटिसचं निदान अनेकदा असंच होतं. मग पालकांसमोर प्रश्न उभा राहतो : पुढचे उपचार कुणाकडे?

मोठ्यांच्या डायबेटिसपेक्षा हा वेगळा कसा?

यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही, त्यात पालकांची चूकही नसते. गोळ्या, पथ्य किंवा काढ्यांनी भागत नाही. इन्शुलिन रोज घ्यावंच लागतं. 1922 मध्ये टोरांटोत 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन दिलं गेलं. त्याआधी या आजारातून मुलं वाचत नसत.

नेमके कोणते डॉक्टर?

पीडियाट्रिक एंडोक्रायनोलॉजिस्ट, म्हणजे मुलांच्या हार्मोन विकारांचे तज्ज्ञ. वाढतं वय, वजन, खेळ, वयात येणं या सगळ्यांनुसार इन्शुलिनचा डोस बदलतो. त्यामुळे मोठ्यांवर उपचार करण्याचा अनुभव इथे पुरेसा ठरत नाही.

हे तज्ज्ञ प्रामुख्याने मुंबई, पुण्यासारख्या मोठ्या शहरांत आहेत. गाव लांब असेल तर साधारण दर 3 महिन्यांनी तज्ज्ञांची भेट आणि एरवी जवळचे बालरोगतज्ज्ञ, अशी विभागणी करता येते. मात्र दोघांकडे एकच फाइल हवी.

पहिल्या भेटीत काय विचारावं?

- टाइप 1 असलेली किती मुलं तुमच्याकडे नियमित येतात?
- डायबेटिस एज्युकेटर आणि आहारतज्ज्ञ आहेत का? भाकरी, भात, पोळीनुसार डोस कसा ठरवायचा, हे ते शिकवतील का?
- रात्री शुगर खूप खाली गेली तर फोन कुणाला करायचा?
- ताप किंवा उलट्या असताना काय करायचं, हे लिहून मिळेल का?
- एचबीए1सी, थायरॉईड, डोळे, किडनी यांच्या तपासण्या कधी होतील?
- इन्शुलिन आणि स्ट्रिप्सचा महिन्याचा खर्च किती? सरकारी रुग्णालयातून काय मिळू शकतं?

सावध कधी व्हायचं?

उपचार सुरू झाल्यावर काही आठवडे ते महिने इन्शुलिनची गरज बरीच कमी होऊ शकते. याला 'हनिमून फेज' म्हणतात. मूल बरं झालं असं घरच्यांना वाटतं आणि नेमकं याच काळात 'इन्शुलिन कायमचं बंद करू' म्हणणाऱ्यांचं फावतं. हा टप्पा तात्पुरता असतो. इन्शुलिन थांबवलं तर रक्तात कीटोन्स वाढून जीवाला धोका होऊ शकतो.

ग्लुकोमीटरच्या नोंदी न पाहताच डोस लिहिणारे किंवा शंका विचारल्यावर चिडणारे डॉक्टर असतील, तर दुसरं मत घेण्यात काहीच गैर नाही. फक्त नवे डॉक्टर मिळेपर्यंत सुरू असलेलं इन्शुलिन थांबवू नये.

मुलाशी कोण बोलतं?

हा आजार आयुष्यभर सोबत राहतो. आज आई-बाबा सुई देतात, उद्या ते मुलालाच करायचं असतं. त्यामुळे तपासताना जे डॉक्टर थेट मुलाशी बोलतात, शाळेत डबा कधी खातोस, खेळतोस किती असं विचारतात, त्यांच्याकडे उपचार टिकण्याची शक्यता जास्त असते.