चुंबकाच्या पोटात माणूस : भास की खरी जाणीव?

१/ मिरजेची ओळख दोन गोष्टींनी होते : तंतुवाद्ये आणि रुग्णालये. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये येथे मिशन रुग्णालय उभारले आणि दक्षिण महाराष्ट्राबरोबर उत्तर कर्नाटकातले रुग्णही मिरजेची वाट चालू लागले. आज त्याच पट्ट्यातला रुग्ण एमआरआयच्या बोगद्यात शिरतो. बाहेर आल्यावर काहीजण सांगतात, "आत गरगरल्यासारखं झालं." हा भास असतो का? या प्रश्नाला अडीचशे वर्षांचा इतिहास आहे.

२/ १७७० च्या दशकात व्हिएन्नाचा वैद्य फ्रान्झ मेस्मर चुंबकाने रोग बरे करण्याचा दावा करू लागला. पुढे त्याने लोहचुंबक सोडला आणि शरीरात वाहणाऱ्या 'प्राणी-चुंबकत्वा'चा सिद्धान्त मांडला. पॅरिसमध्ये त्याच्याकडे रीघ लागली. त्याच्या उपचारांनी रुग्णांना झटके येत, काहीजण बेशुद्ध पडत.

३/ १७८४ मध्ये सोळाव्या लुईने चौकशी आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. आयोगाने रुग्णांचे डोळे बांधले. 'उपचार चालू आहे' असे खोटेच सांगितले, तेव्हा झटके आले. न सांगता उपचार केला, तेव्हा काहीच घडले नाही. निष्कर्ष निघाला : हा सारा कल्पनेचा परिणाम.

४/ तरीही मेस्मरची विद्या भारतात पोहोचली. १८४५ मध्ये हुगळी येथे कंपनी सरकारचा शल्यचिकित्सक जेम्स एस्डेल याने रुग्णांना संमोहित करून शस्त्रक्रिया केल्या. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात त्यासाठी स्वतंत्र रुग्णालय निघाले. मात्र याच सुमारास ईथर आणि क्लोरोफॉर्म आले व ही पद्धत मागे पडली. चुंबक आणि शरीर यांच्या नात्याची चर्चा मात्र भोंदूगिरीच्या खात्यात जमा झाली.

५/ मिरजेचे रुग्णालय उघडण्यापूर्वी दोनच वर्षे, १८९२ मध्ये, एडिसनच्या प्रयोगशाळेत पीटरसन आणि केनेली यांनी शक्तिशाली चुंबकाच्या क्षेत्रात आधी एक कुत्रा आणि नंतर एक मुलगा ठेवून पाहिला. परिणाम शून्य. १८९६ मध्ये फ्रान्समध्ये दार्सोनव्हाल याला मात्र वेगळे आढळले : क्षेत्र सतत बदलते ठेवले, तर माणसाच्या डोळ्यांपुढे प्रकाश लुकलुकतो. म्हणजे स्थिर क्षेत्र आणि बदलते क्षेत्र यांचा शरीराशी व्यवहार सारखा नव्हता.

६/ मोजमापासाठी एक दाखला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला नेण्यास प्रारंभ झाला. पृथ्वीचे क्षेत्र इतके मंद, की ट्रामच्या विजेनेही त्याची नोंद बिघडावी! रुग्णालयातले १.५ टेस्लाचे एमआरआय त्याच्या सुमारे ३५ हजार पट असते. ७ टेस्लाचे यंत्र दीड लाखांहून अधिक पट.

७/ या यंत्रामागच्या विज्ञानाशी मुंबईचाही संबंध आहे. १९५१ मध्ये स्टॅनफर्ड येथे अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासह एस. एस. धर्मट्टी यांनी दाखवले की अल्कोहोलच्या एकाच रेणूतले हायड्रोजन अणू चुंबकीय क्षेत्रात तीन वेगवेगळे संकेत देतात. याच धर्मट्टींनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या शाखेचा पाया घातला.

८/ १९७३ मध्ये लॉटरबर यांनी या संकेतांपासून चित्र घडवले. ३ जुलै १९७७ रोजी डॅमेडियन यांच्या यंत्रात एक सडपातळ विद्यार्थी जवळजवळ पाच तास बसला. त्याआधी ते स्वतः बसले होते, पण संकेत मिळाला नव्हता. १९७८ मध्ये मॅन्सफिल्ड स्वतः आत शिरले. झपाट्याने बदलणाऱ्या क्षेत्राने हृदयाची लय बिघडू शकेल, असा इशारा त्यांना मिळालेला होता. काही अनिष्ट घडले नाही. लॉटरबर व मॅन्सफिल्ड यांना २००३ मध्ये नोबेल मिळाले.

९/ यंत्रे बलवान होत गेली, तसा जुना प्रश्न परतला. १९९२ मध्ये ४ टेस्लाच्या यंत्रातील स्वयंसेवकांच्या अनुभवांचा अहवाल प्रसिद्ध झाला : भोवळ, मळमळ, तोंडात धातूची चव. आता हेही 'कल्पनेचा परिणाम' म्हणायचे का?

१०/ उत्तर २०११ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दिले. ७ टेस्लाच्या यंत्रात, अंधारात, स्वयंसेवकांचे डोळे आपोआप एका दिशेने सरकत राहिले. ज्यांच्या आंतरकर्णाचे तोल सांभाळण्याचे कार्यच नष्ट झाले होते, त्यांच्यात हे घडले नाही. कारण असे : आंतरकर्णातल्या द्रवातून सतत सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो. प्रबळ क्षेत्रात त्यावर बल पडते, द्रव ढकलला जातो आणि मेंदूला वाटते, आपण फिरत आहोत.

११/ येथे इतिहासाची गंमत आहे. फ्रँकलिनच्या आयोगाने मेस्मरला खोटे ठरवले ते अपेक्षा बाजूला सारून, तुलना करून. रुग्णाची भोवळ खरी ठरली तीही त्याच रीतीने. चुंबक बदलला नव्हता, पद्धतही नाही. कित्येक पटींनी वाढले होते ते क्षेत्र आणि नेमकी झाली होती ती मोजणी.

१२/ मनाचा वाटाही खराच. अरुंद बोगदा आणि शंभर डेसिबलांवरचा ठणठणाट यांनी कित्येकांचा जीव घाबरा होतो. तो आवाज चुंबकाचा नव्हे, क्षेत्र बदलणाऱ्या वेटोळ्यांच्या कंपनांचा असतो. बहुतेक रुग्णालयांतल्या १.५ आणि ३ टेस्लाच्या यंत्रांत भोवळ सौम्य असते, पुष्कळांना जाणवतही नाही. फ्रान्समधल्या ११.७ टेस्लाच्या यंत्रातून २०२४ मध्ये मानवी मेंदूच्या पहिल्या प्रतिमा प्रसिद्ध झाल्या; त्या २० स्वयंसेवकांवर विशेष दुष्परिणाम आढळले नाहीत.

१३/ खरा धोका वेगळाच आहे. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआय कक्षात गेलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. तपासणी सुरू नसली, आवाज येत नसला, तरी अतिसंवाहक चुंबक जागाच असतो. ज्या चुंबकाला मांसापेशी शांतपणे सोसतात, तोच लोखंडाला क्षणात खेचून घेतो.

१४/ म्हणून मिरजेच्या कक्षाबाहेर "आत गरगरलं" म्हणणाऱ्या आजीबाईंना कोणी हसू नये. ज्याला भास म्हटले जाते, त्याचे कारण त्यांच्या कानात आहे. आणि खिशात किल्ली नाही ना, हे मात्र प्रत्येकाने दोनदा पाहावे.