सात किलो युरेनियम आणि खोपोलीचं भंगार

मंडळी, मे २०२१ आठवतोय? एटीएसने सात किलो युरेनियम पकडलं, किंमत २१ कोटी सांगितली, आणि टीव्हीवाल्यांना लगेच बॉम्ब दिसायला लागला. त्याआधी डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या ठाण्यातही जवळपास नऊ किलो सापडलं होतं. दोन्ही वेळा तपासणी बीएआरसीने केली. २०२१ चं युरेनियम नैसर्गिक निघालं, ठाण्याचं तर त्याहूनही निःसत्त्व.

'डर्टी बॉम्ब' म्हणजे अणुबॉम्ब नव्हे. साधी स्फोटकं आणि सोबत किरणोत्सारी माल, जो स्फोटाने आजूबाजूला पसरतो. त्यासाठी हे युरेनियम जवळपास कुचकामी. त्याचं अर्धं व्हायला साधारण ४५० कोटी वर्षं लागतात, म्हणजे किरणं निघतात ती अगदी रडतखडत. कोबाल्ट-६० सव्वापाच वर्षांत अर्धा होतो. जे झपाट्याने संपतं तेच भाजतं. मग त्या २१ कोटींना गिऱ्हाईक कोण होतं, देव जाणे!

१९९५ मध्ये चेचेन बंडखोरांनी मॉस्कोच्या एका बागेत सीझियम पुरून ठेवलं आणि पत्रकारांना कळवलं. फुटलं काहीच नाही, घबराट मात्र झाली. आजवर कुठल्याही हल्ल्यात असा बॉम्ब फुटलेला नाही.

माणसं दगावली ती भंगारात. दिल्ली विद्यापीठाने वापरात नसलेलं एक यंत्र २०१० मध्ये लिलावात काढलं. मायापुरीच्या भंगारवाल्यांनी ते फोडलं, आत कोबाल्ट-६० होता. एक कामगार गेला, बाकीचे कित्येक दिवस हॉस्पिटलात.

आणि आपल्या लाईनवरचं खोपोली! ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टची बटणं किरणोत्सारी निघाली. ती जोडणाऱ्या कारखान्यातल्या वीसेक कामगारांना सामान्य माणसाच्या वार्षिक मर्यादेपेक्षा जास्त मात्रा मिळाली होती. माग काढत गेले तर सुटे भाग भारतातले, आणि पोलाद खोपोलीच्या एका फाउंड्रीत भंगार वितळवून केलेलं. त्या भंगारात कोबाल्ट कुठूनतरी शिरला होता. ना अतिरेकी, ना कट.

म्हणून अंबरनाथ-बदलापूरची एमआयडीसी आणि उल्हासनगरची भंगार दुकानं यांच्यासाठी एवढंच: आकाराच्या मानाने भलतंच जड, शिशाचं जाड आवरण, पिवळ्यावर तीन पात्यांचं चिन्ह, असं काही आलं तर शिशाच्या भावाकडे बघून फोडू नका. लांब व्हा, कुणाला जवळ जाऊ देऊ नका आणि ११२ लावा.