जर्मनीतील छोटी मसाज केंद्रे: ग्राहकांचे अभिप्राय कसे वाचावेत, कसे लिहावेत

जर्मनीतील एखाद्या छोट्या मसाज केंद्राविषयी ग्राहकांनी नोंदवलेले अभिप्राय वाचू लागले, की परस्परविरोधी मजकूर शेजारी शेजारी आढळतो. एकाला तेथे पाठीचे जुने दुखणे थांबल्याचे समाधान असते, तर दुसऱ्याची ‘वीस मिनिटांत उरकले’ अशी तक्रार असते. हा फरक दरवेळी आवडीनिवडीचा नसतो. ‘मसाज’ या एकाच शब्दाखाली जर्मनीत दोन निरनिराळ्या सेवा मिळतात. त्यांचे कायदे, दर आणि उद्दिष्टे वेगळी आहेत. ग्राहक कोणत्या दाराने आत गेला होता, हे मात्र अभिप्रायात क्वचितच लिहिलेले असते. संगणकासमोर बसून मान आणि खांदे आखडलेल्या मराठी नोकरदाराला केंद्र निवडताना आधी हे दार ओळखावे लागते.

पहिले दार डॉक्टरांच्या चिठ्ठीचे. उपचार म्हणून मसाज करण्यासाठी जर्मनीत ‘मासोअर उंड मेडिट्सीनिशर बाडेमाइस्टर’ ही संरक्षित व्यावसायिक पदवी आहे. 26 मे 1994 च्या कायद्यानुसार तिच्यासाठी दोन वर्षांचे शिक्षण, शासकीय परीक्षा आणि त्यानंतर सहा महिन्यांचे प्रत्यक्ष काम आवश्यक असते. फिजिओथेरपिस्टचे शिक्षण तीन वर्षांचे असते. पदवीतील ‘बाडेमाइस्टर’, म्हणजे स्नानप्रमुख, हा शब्द नवख्याला विनोदी वाटतो. परंतु औषधी स्नाने, गरम चिखलाचे लेप आणि मर्दन हे सारे एकाच छताखाली देणाऱ्या जुन्या जर्मन आरोग्यस्थळांची ती खूण आहे. आजही मसाजला जोडून ‘फांगो’ची गरम पट्टी लिहून दिली जाते, ती याच परंपरेतून.

वैधानिक आरोग्य विमा, म्हणजे ‘क्रांकनकासे’, असलेल्या रुग्णाला डॉक्टर 13 क्रमांकाच्या नमुन्यावर ही चिठ्ठी देतात. चिठ्ठी मिळाल्यापासून 28 दिवसांच्या आत उपचार सुरू व्हावे लागतात; डॉक्टरांनी तातडीची खूण केली असल्यास 14 दिवसांत. विमा कंपनीशी संलग्न असलेल्या केंद्रातच ही चिठ्ठी चालते. नेहमीच्या पद्धतीच्या मसाजसाठी ठरवून दिलेला वेळ 15 ते 20 मिनिटे एवढाच आहे. कपडे काढणे, टेबलावर पालथे होणे यांत त्यातील काही मिनिटे सरतात. म्हणून ‘वीस मिनिटांत उरकले’ हा अभिप्राय पुष्कळदा त्या केंद्राविषयी काहीच सांगत नाही. तो विमा व्यवस्थेविषयी सांगतो. मोठा टॉवेल घरून आणायला सांगितल्याची तक्रारही याच जातीची. अशा अनेक केंद्रांत तो रिवाजच आहे.

‘विमा असूनही पैसे घेतले’ हाही वारंवार दिसणारा आक्षेप. प्रौढ रुग्णाने उपचारखर्चाच्या 10 टक्के आणि प्रत्येक चिठ्ठीमागे 10 युरो भरावेत, असा नियम आहे. समजा, सहा बैठकींचा खर्च 120 युरो झाला, तर रुग्णाचा वाटा 22 युरो होतो. ही रक्कम केंद्र स्वतःसाठी घेत नाही, विम्याच्या वतीने गोळा करते. अठरा वर्षांखालील मुलांना तीतून सूट आहे. वर्षभरातील अशा सर्व भरण्यांची बेरीज कुटुंबाच्या ढोबळ उत्पन्नाच्या 2 टक्क्यांपुढे गेली, दीर्घकालीन आजारात 1 टक्क्यापुढे गेली, तर पुढील वाटा माफ करून घेता येतो. खासगी विमा असलेल्यांचे गणित निराळे. तेथे करार केंद्र आणि रुग्ण यांच्यात होतो, केंद्राचा दर विम्याच्या परताव्यापेक्षा जास्त असू शकतो आणि फरक रुग्णाच्या खिशातून जातो. चांगल्या पगारामुळे खासगी विम्याकडे वळलेल्या अभियंत्यांनी दर आधी लेखी घेणे श्रेयस्कर.

दुसरे दार वेलनेसचे. ‘वेलनेस मसाज’ देणाऱ्याला ठरावीक शिक्षणाची सक्ती नाही. व्यवसायाची नोंदणी केली की केंद्र उघडता येते. काही आठवड्यांचा अभ्यासक्रम केलेली व्यक्ती आणि वीस वर्षे हात घडवलेली व्यक्ती यांच्या पाट्या बाहेरून सारख्याच दिसतात. येथे वेळ तासाचा असतो, तेल कोमट असते, संगीत मंद असते आणि बिल पूर्णपणे ग्राहकाचे. मात्र अशा केंद्राला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. वैद्यकीय परवान्याविना उपचार करू इच्छिणाऱ्याला 1939 च्या कायद्याखाली ‘हाइलप्राक्टिकर’ची अनुज्ञा घ्यावी लागते, आणि उपचारांच्या जाहिरातींविषयीचा स्वतंत्र कायदा दिशाभूल करणारे दावे रोखतो. त्यामुळे एखाद्या वेलनेस केंद्राने आपल्या भिंतीवर ‘येथे माझी सरकलेली चकती बरी झाली’ असा ग्राहकाचा अभिप्राय अभिमानाने लावला असेल, तर ती शिफारस न समजता इशारा समजावा.

मराठी ग्राहकाचा गोंधळ विशेषतः आयुर्वेदाच्या पाटीपाशी होतो. दिवाळीच्या अभ्यंगस्नानापासून बाळ-बाळंतिणीच्या मालिशीपर्यंत तेल लावणे हा घरचा संस्कार. त्यामुळे ‘अभ्यंग’ हा शब्द जर्मन अक्षरांत दिसताच आपलेपणा आणि वैद्यकीय विश्वास एकदमच जागा होतो. वास्तविक बहुसंख्य ठिकाणी ही वेलनेस सेवा असते. भारतातील बीएएमएस पदवीधरालाही केवळ त्या पदवीवर जर्मनीत डॉक्टर म्हणून उपचार करता येत नाहीत. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील संशोधकांनी 2018 मध्ये गुडघ्याच्या संधिवातावरील आयुर्वेदिक उपचारांची चाचणी प्रसिद्ध केली. तीत 151 रुग्ण होते आणि 12 आठवड्यांच्या उपचारांनंतर आयुर्वेदाच्या गटाला प्रचलित उपचारांच्या गटापेक्षा अधिक आराम पडला. पण त्या उपचारांत मर्दनासोबत आहार आणि इतर अनेक गोष्टी होत्या. तासाभराच्या एकट्या अभ्यंगाच्या समर्थनार्थ ही चाचणी पुढे करणे योग्य नव्हे.

(मसाजच्या नावाखाली चालणारा तिसराही एक व्यवसाय आहे. ज्या केंद्रांत लैंगिक सेवा दिल्या जातात, त्यांना 2017 पासून वेश्याव्यवसायासंबंधीचा संरक्षण कायदा लागू होतो. साध्या मसाज केंद्रांच्या दारावर ‘येथे तसल्या सेवा नाहीत’ अशी सूचना का असते, याचे उत्तर त्यात आहे.)

अभिप्राय वाचताना

पुण्यात किंवा नाशकात मालिशवाल्या बाईंची ख्याती शेजारणीच्या तोंडून कळे. सांगणारी कोण आणि तिला नेमके काय दुखत होते, हे ऐकणारीला ठाऊक असे. ताऱ्यांच्या सरासरीत हेच दोन तपशील हरवतात. म्हणून तारे मोजण्यापेक्षा ज्यांत दुखणे, बैठकींची संख्या आणि चिठ्ठीचा उल्लेख आहे असे चारपाच अभिप्राय शोधावेत. प्रदेशाचा स्वभावही लक्षात घ्यावा. श्वाबेन भागात ‘तक्रार केली नाही म्हणजे पुरेशी स्तुती झाली’ अशी म्हण आहे; तेथील ‘ठीक आहे’ हे बऱ्यापैकी कौतुक असू शकते.

‘मसाज न करताच परत पाठवले’ असा संतप्त अभिप्राय तर बारकाईने वाचावा. ताप, ताजी जखम, तीव्र दाह किंवा रक्तवाहिनीत गुठळी झाल्याचा संशय असताना मसाज करू नये, हे प्रशिक्षित व्यक्तीला माहीत असते. मुंबईहून फ्रँकफर्टपर्यंतच्या लांब विमानप्रवासानंतर एकच पोटरी सुजली आणि दुखू लागली, तर मसाज केंद्रात न जाता तातडीने डॉक्टरांकडे जायला हवे. तशी पोटरी चोळल्यास गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अशा ग्राहकाला परत पाठवणारे केंद्र एक तारा मिळवते आणि कदाचित एक जीव वाचवते.

टीकेला केंद्राने दिलेले उत्तर गुळमुळीत असेल, तर त्याचाही अर्थ अपराधीपणा असा घेऊ नये. परवानाधारक मासोअर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यावर रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन आहे. ‘तुम्ही तीनदा वेळेवर आला नाहीत’ एवढेही त्यांना सर्वांसमोर लिहिणे अवघड जाते.

अभिप्राय लिहिताना

जर्मन राज्यघटनेच्या पाचव्या कलमाने मत मांडण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ‘दाब फार हलका वाटला’ हे मत आहे. ‘यांच्याकडे परवाना नाही’ हे तथ्याचे विधान आहे, आणि ते खोटे ठरल्यास लिहिणारा अडचणीत येतो. कार्ल्सरूह येथील संघीय न्यायालयाने मताची कक्षा बरीच रुंद ठेवली आहे. ईबेवर नळजोडणीच्या पट्ट्या घेणाऱ्या एका ग्राहकाने ‘माल चांगला, पाठवणीचा खर्च म्हणजे लूट’ अशा आशयाचा शेरा लिहिला होता. तो काढायला लावण्यासाठी विक्रेत्याने दावा लावला आणि प्रकरण थेट कार्ल्सरूहपर्यंत गेले. वाद 4.90 युरोंच्या पाठवणीखर्चावरून होता. 28 सप्टेंबर 2022 रोजी न्यायालयाने हा शेरा तिखट असला तरी तो निव्वळ अवमान नाही, असा निर्णय दिला.

छोट्या केंद्रांच्या दृष्टीने 1 मार्च 2016 चा निकाल अधिक महत्त्वाचा. यामेडा या डॉक्टरांच्या मूल्यांकन संकेतस्थळावर एका दंतवैद्याला निनावी रुग्णाने 4.8 अशी एकूण श्रेणी दिली होती. ही श्रेणी तेव्हा जर्मन शाळेतल्यासारखी होती, 1 सर्वोत्तम आणि 6 नापास, हे न जाणणाऱ्याला ती उत्तमच वाटेल! हा माणूस आपल्याकडे कधी आलाच नव्हता, असे दंतवैद्याचे म्हणणे होते. अशा वेळी संकेतस्थळाने लिहिणाऱ्याकडून उपचाराचे वर्णन आणि शक्य तेथे पुरावे मागवून पडताळणी केली पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. 9 ऑगस्ट 2022 रोजी, पर्यटननिवासांच्या प्रकरणात, ‘हा आमचा ग्राहकच नव्हता’ एवढी हरकतही पडताळणी सुरू होण्यास सामान्यतः पुरेशी मानली गेली.

याचे दोन परिणाम होतात. एकट्या व्यक्तीच्या केंद्राला खोट्या शेऱ्यापासून संरक्षण मिळते. दहाबारा अभिप्रायांवर ज्याचे उत्पन्न उभे असते, त्याला एक खोटा शेराही जड जातो. दुसरीकडे, खरा पण पुरावा न जपणारा ग्राहक पडताळणीच्या पत्राला उत्तर देत नाही आणि त्याची रास्त तक्रार पुसली जाते. म्हणून पावती, चिठ्ठीची प्रत आणि वेळनोंदणीचा संदेश जपून ठेवावा. दुसरीकडे, मित्रमंडळींना गोळा करून पंचतारांकित शेरे लिहवून घेणाऱ्या केंद्राला 28 मे 2022 पासूनच्या स्पर्धा कायद्यातील सुधारणा थेट लागू होतात. खोटे अभिप्राय प्रसिद्ध करणे वा मिळवणे हे निषिद्ध व्यवहारांच्या यादीत आले आहे.

रद्द केलेली वेळ हा तक्रारींचा आणखी एक झरा. बहुतेक केंद्रे 24 तासांची पूर्वसूचना मागतात, कारण हुकलेल्या बैठकीचे पैसे विमा देत नाही. ठरलेली वेळ एकाच रुग्णासाठी राखून ठेवली असेल, तर न आलेल्याकडून भरपाई मागता येते, हे 12 मे 2022 रोजी एका व्यवसायोपचार केंद्राच्या दाव्यात मान्य झाले. मात्र त्या प्रकरणात आईने मुलातील सर्दीच्या लक्षणांमुळे त्याच दिवशी वेळ रद्द केली होती. साथीच्या नियमांमुळे केंद्राला तेव्हा उपचार करताच आले नसते, म्हणून दावा फेटाळला गेला.

वाढदिवसाला मिळालेल्या भेटपत्रांवर मुदत लिहिलेली नसेल, तर ती साधारणपणे तीन वर्षे चालतात आणि मोजणी खरेदीच्या वर्षाच्या अखेरीपासून होते. मे 2024 मध्ये घेतलेले भेटपत्र 31 डिसेंबर 2027 पर्यंत वापरता येते.