ऑफिसचं काम मँचेस्टरला, वाट वऱ्हाडातून!

लंडन आणि आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींना वर्षाकाठी एखादी तरी फेरी मँचेस्टरला घडतेच. युस्टनहून सकाळची गाडी पकडायची, दोन-सव्वादोन तासांत पिकॅडिली स्टेशनवर उतरायचं, दिवसभर मीटिंगा, रात्री हॉटेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा मीटिंगा आणि संध्याकाळची परतीची गाडी. मधल्या मोकळ्या वेळेत काय करावं असं विचारलं, तर उत्तरं ठरलेली असतात. फुटबॉलवाले स्टेडियम दाखवतात आणि खवय्ये विल्म्स्लो रोडवरच्या 'करी माईल'चा पत्ता देतात. दोन्ही उत्तम. पण हाताशी एक मोकळी संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीचे दोन-तीन तास असतील, तर हे शहर मराठी माणसाने एका वेगळ्या धाग्याने पाहावं असं मला वाटतं. हा धागा अर्थातच कापसाचा!

शाळेच्या इतिहासात आपण सगळ्यांनीच ते वाक्य घोकलेलं आहे: इथून कच्चा माल जायचा आणि तिथून पक्का माल यायचा. परीक्षेत त्याला दोन मार्क मिळायचे. त्या वाक्यातलं 'तिथून' म्हणजे बहुतांशी हे शहर आणि त्याच्या आजूबाजूचा लँकेशायर परगणा. आणि 'इथून' म्हणजे वऱ्हाड, खानदेश, गुजरात. वाक्य पाठ असतं, पण त्यातली माणसं दिसत नाहीत. ती मँचेस्टरमध्ये पायी फिरताना दिसू लागतात.

पहिली संध्याकाळ: अँकोट्सच्या गिरण्या

पिकॅडिली स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटं चाललं की अँकोट्स लागतं. कालव्याच्या कडेला लाल विटांच्या सात-आठ मजली गिरण्या उभ्या आहेत. त्यातली मरे बंधूंची गिरणी १७९८ साली सुरू झाली. ती वाफेवर चालायची. आज या इमारतींत महागडे फ्लॅट आणि कॉफीची दुकानं आहेत. लोअर परळला गिरण्यांच्या जागी मॉल पाहिलेल्या माणसाला हे दृश्य फार ओळखीचं वाटेल.

लँकेशायरच्या दमट हवेत सूत कमी तुटतं. कोळसा जवळच होता. १७६१ साली ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि तो कोळसा स्वस्तात शहरात येऊ लागला. या सगळ्याचा परिणाम असा, की १८५३ साली एकट्या मँचेस्टरमध्ये १०८ गिरण्या होत्या. फ्रेडरिक एंगल्स वडिलांच्या कापूस-धंद्यातलं काम शिकायला याच शहरात आला आणि इथल्या मजुरांची अवस्था पाहून त्याने १८४५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तो आणि कार्ल मार्क्स चेटम्स लायब्ररीत एका खिडकीशेजारी बसून वाचन करत. १६५३ साली स्थापन झालेली ही लायब्ररी आजही आहे, आणि ती खिडकीही.

आपल्या मुंबईचं गिरणगाव याच झाडाची फांदी. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि ताडदेवची गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढे मुंबईच्या गिरण्यांत शेजारच्या ओल्डहॅममधल्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं धडधडू लागली. म्हणजे ज्या परगण्याला आपण गिऱ्हाईक म्हणून बांधलेले होतो, त्याच परगण्याने आपल्याला स्पर्धक होण्याची अवजारंही विकली. धंदा म्हणतात तो असा!

दुसरी सकाळ: मुक्त व्यापार आणि साडेतीन टक्के

सकाळी मीटिंगच्या आधी तासभर असेल तर सेंट पीटर्स स्क्वेअरला जावं. १६ ऑगस्ट १८१९ रोजी इथल्या मैदानावर सुमारे साठ हजार माणसं मतदानाचा हक्क मागायला जमली होती. त्यांच्यावर घोडेस्वार घातले गेले, कित्येक माणसं मेली, शेकडो जखमी झाली. 'पीटरलू' म्हणतात ते हेच. २०१९ साली दोनशे वर्षं झाली तेव्हा जवळच गोल पायऱ्यांचं स्मारक उभारलं गेलं.

त्याच जागेवर पुढे फ्री ट्रेड हॉल बांधला गेला. आज तिथे हॉटेल आहे, पण दर्शनी भाग जुनाच आहे. मुक्त व्यापार नावाच्या तत्त्वाचं हे देऊळच. धान्यावरची आयातबंधनं उठवण्याची चळवळ मँचेस्टरहून चालली आणि १८४६ साली ती यशस्वी झाली. गरिबाची भाकरी स्वस्त झाली, हे खरंच चांगलं काम होतं.

पण मंडळी, गोष्टीचा दुसरा भाग आपण सांगायला हवा. भारतीय छापील कापड इथे फार लोकप्रिय झालं होतं, तेव्हा १७०० आणि १७२१ साली कायदे करून ते रोखलं गेलं. म्हणजे गिरण्या उभ्या राहीपर्यंत दरवाजा बंद, आणि गिरण्या जोरात चालू लागल्यावर मुक्त व्यापार! पुढे हिंदुस्थान सरकारला महसुलासाठी विलायती कापडावर आयातकर बसवावा लागला, तेव्हा लँकेशायरने ओरड केली. शेवटी १८९६ साली विलायती कापडावर साडेतीन टक्के आयातकर आणि हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के, अबकारी कर लावला गेला. टिळकांनी त्याविरुद्ध रान उठवलं. तो कर जायला १९२५-२६ साल उजाडलं. तीस वर्षं!

लिंकनचा पुतळा, आणि नसलेला एक पुतळा

फ्री ट्रेड हॉलपासून पाच-सात मिनिटांवर लिंकन स्क्वेअर आहे. मँचेस्टरमध्ये अब्राहम लिंकन कशाला, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर कापसातच आहे.

१८६० च्या सुमाराला ब्रिटनला लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या श्रमावर पिकून येत होता. १८६१ साली तिथे यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या थंड पडल्या. १८६२ च्या अखेरीला जवळपास पाच लाख माणसं मदतीच्या शिध्यावर जगत होती. अशा वेळी, ३१ डिसेंबर १८६२ ला, मँचेस्टरच्या कामगारांनी फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा घेऊन गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा दिला. लँकेशायरात सगळ्यांचंच मत तसं होतं असं नाही, दक्षिणेच्या बाजूने बोलणारेही पुष्कळ होते. पण उपाशीपोटी माणसं हे म्हणाली, ही गोष्ट मोठीच. लिंकनने जानेवारी १८६३ मध्ये त्यांना आभाराचं पत्र लिहिलं. पुतळ्याच्या चौथऱ्यावर त्याची आठवण कोरलेली आहे.

आता त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं ते बघा. अमेरिकेचा कापूस बंद झाल्यावर सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानकडे वळल्या. आपला कापूस आखूड धाग्याचा, त्यात माती आणि सरकी. 'सुरत' नावाने तो इथे ओळखला जायचा आणि कामगार त्याला शिव्या घालायचे, कारण त्याचं सूत सारखं तुटे आणि मजुरी कापली जाई. तरी पर्यायच नव्हता. भाव तिपटी-चौपटीने वाढले. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरचा सट्टा गगनाला भिडला. आपण ज्याच्याकडे पाहत मोठे झालो तो मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभारायला प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली, ते या सट्ट्याचे राजे.

१८६५ साली अमेरिकेतलं युद्ध संपलं. भाव कोसळले, मुंबईतल्या कंपन्या बुडाल्या. मुंबई पुन्हा उठली, कारण शहरं उठतात. पण गावाचं काय? तेजीत सावकाराने सढळ हाताने कर्ज दिलं होतं. मंदीत त्याने हात आखडला आणि वसुली सुरू केली. त्यातच सरकारने नव्या पाहणीत शेतसारा वाढवला होता. शेतकऱ्यांच्या जमिनी दस्तऐवजांच्या जोरावर सावकारांकडे जाऊ लागल्या. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली आणि कर्जाचे कागद जाळले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. 'दख्खनचे दंगे' ते हेच. त्यातून १८७९ चा शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला.

म्हणजे अमेरिकेतल्या तोफा, मँचेस्टरमधली उपासमार आणि सुप्याच्या बाजारातली आग, या एकाच सुताने बांधलेल्या गोष्टी आहेत. त्यातल्या एका टोकाला पुतळा आहे. दुसऱ्या टोकाच्या माणसासाठी या शहरात एक पाटीही माझ्या नजरेस पडलेली नाही. लिंकनसमोर उभं राहिल्यावर ही जाणीव झाल्याशिवाय राहत नाही.

जेवणाची सुट्टी: भावफलक

दुपारी सँडविच हातात घेऊन रॉयल एक्स्चेंजमध्ये डोकवा. जगभरच्या कापसाचे आणि कापडाचे सौदे इथे व्हायचे. १९६८ साली बाजार बंद झाला आणि १९७६ पासून त्या भव्य दालनात नाट्यगृह आहे. जुन्या जमिनीला भार पेलवेना म्हणून ते सातकोनी नाट्यगृह खांबांना टांगल्यासारखं बसवलेलं आहे. आणि वर पाहा: शेवटच्या दिवसाचे भाव अजून फलकावर तसेच ठेवलेले आहेत!

या फलकावरच्या आकड्यांनी यवतमाळ-अमरावतीकडच्या घरांत दिवाळी कशी जाणार ते ठरायचं. १८५३ हे वर्ष त्यासाठी लक्षात ठेवावं. त्या साली मुंबई-ठाणे रेल्वे धावली आणि त्याच साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. रेल्वे हिंदुस्थानात न्यावी म्हणून जोर लावणाऱ्यांत मँचेस्टरचे कापूसवाले पुढे होते. १८७० साली खामगावपर्यंत रूळ पोचले, ते मुख्यतः तिथल्या कापूसबाजारासाठी. मूर्तिजापूर-यवतमाळची 'शकुंतला' सुद्धा कापूस वाहण्यासाठीच. ज्यांना रेल्वेचं वेड आहे त्यांनी लिव्हरपूल रोडवरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात जरूर जावं. १८३० साली सुरू झालेल्या लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचं मूळ स्टेशन आणि मालाचं गोदाम त्याच आवारात आहे. लिव्हरपूल बंदरात उतरलेल्या कापसाच्या गाठी याच मार्गाने शहरात यायच्या. (जुन्या इमारतींची दुरुस्ती चालू असते, तेव्हा काय उघडं आहे ते आधी पाहून जावं.)

जवळच डीन्सगेटवर जॉन रायलंड्स लायब्ररी आहे. कापडाच्या धंद्यात गडगंज झालेल्या नवऱ्याच्या स्मरणार्थ एन्रिकेटा रायलंड्सने ती बांधली आणि १९०० साली ती लोकांसाठी उघडली. आतलं वाचनदालन एखाद्या कॅथेड्रलसारखं आहे. प्रवेश फुकट. ते सौंदर्य पाहून मन भरून येतं, आणि पैसा कुठून आला हेही आठवतं. दोन्ही एकाच वेळी वाटू द्यावं.

परतीच्या आधी: गोंदूरचा शिल्पकार

शेवटचा मुक्काम मँचेस्टर कॅथेड्रलचा. बाहेर २०१९ साली बसवलेला महात्मा गांधींचा नऊ फुटी ब्राँझचा पुतळा आहे. तेव्हा इथल्या काही विद्यार्थ्यांनी त्याला विरोधही केला होता. पण आपल्यासाठी खास गोष्ट अशी, की तो घडवला राम सुतार यांनी. त्यांचा जन्म धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावचा, म्हणजे खानदेशातला, कापसाच्या मुलुखातला! ज्या मुलुखातून गाठी इथे आल्या, तिथल्या हातांनी केलेला पुतळा आता इथे उभा आहे.

विलायती कापडाविरुद्ध आपल्याकडे फार आधीपासून आवाज उठला होता. 'सार्वजनिक काका' गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादी नेसून गेले होते, तेव्हा गांधीजी आठ वर्षांचेही नव्हते. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत विलायती कापडाची लॉरी अडवताना बाबू गेनू तिच्याखाली चिरडला गेला. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा मुलगा मुंबईत गिरणी कामगार होता. आणि त्यानंतर एक वर्षही झालं नव्हतं, सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेला आलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरमधल्या डार्वेनला गेले. बहिष्कारामुळे ज्यांचं काम गेलं होतं अशाच लोकांमध्ये ते राहिले. गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती हसत जयघोष करताहेत, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. ज्यांच्या पोटावर पाय आला त्यांनीच हे स्वागत केलं. हिंदुस्थानातल्या खेड्यातली भूक त्यांना समजली असावी, कारण भूक त्यांच्या घरीही होती. वेळ असेल तर डार्वेनला व्हिक्टोरिया स्टेशनवरून गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं.

आपली मुलं इथल्या शाळेत औद्योगिक क्रांती शिकतात. त्यात वाफेचं इंजिन असतं, गिरण्या असतात, पीटरलू असतं. खामगाव आणि सुपे नसतं. ते सांगणं आपलं काम आहे, आणि ते रागाने सांगायची गरज नाही. अँकोट्सचा मजूर आणि वऱ्हाडचा शेतकरी एकमेकांचे वैरी नव्हते. दोघांच्याही ताटातलं अन्न त्या फलकावरच्या आकड्यावर ठरत होतं, आणि फलक दोघांच्याही हातात नव्हता. फलक बदलले, पण कापसाचा भाव आजही शेतकऱ्याच्या बांधापासून फार लांब ठरतो. विदर्भातल्या बातम्या वाचताना हे ध्यानात येतं.

तेव्हा पुढच्या खेपेला ऑफिसने मँचेस्टरला धाडलं तर कुरकुर करू नका. आरामाचे बूट घाला, छत्री विसरू नका (पाऊस नक्की!), आणि जमल्यास पोरांनाही एखाद्या शनिवारी घेऊन जा. दिवाळीत अंगावर नवा सुती कुडता चढवताना त्यांना त्याची गोष्ट सांगता येईल.

शुभ दीपावली!