परकीयाचा आसरा आणि न्यायालयाची कक्षा

पुण्याच्या ईशान्येस आळंदी रस्त्यावर वसलेल्या विश्रांतवाडीत एखादा परदेशी नागरिक राहत असेल, तर त्याची नोंद पुणे पोलीस आयुक्तालयात होते, आणि देश सोडण्याचा आदेश निघाल्यास त्याविरुद्धची रिट याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबईतील पीठापुढे जाते. ऑस्ट्रेलियात आश्रयार्थीला, म्हणजे मायदेशी छळ होईल या भीतीने आलेल्या माणसाला, ‘संरक्षण व्हिसा’ मागता येतो आणि तो नाकारला गेल्यास न्यायालयात दाद मागता येते. भारताने मात्र १९५१च्या निर्वासितविषयक करारावर स्वाक्षरी केलेली नाही व स्वतंत्र निर्वासित कायदाही केलेला नाही, त्यामुळे येथे आसरा हा प्रामुख्याने शासनाच्या मर्जीचा विषय राहिला.

ही मर्जी किती चंचल असते, हे महाराष्ट्राने दुसऱ्या महायुद्धात पाहिले. सप्टेंबर १९३९मध्ये भारतातील जर्मन पुरुषांची धरपकड होऊन त्यांना अहमदनगरला स्थानबद्ध करण्यात आले, तेव्हा नाझींच्या छळामुळे परागंदा झालेले ज्यूही त्यांत सापडले, कारण सरकारच्या लेखी तेही शत्रुराष्ट्राचेच प्रजाजन होते. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी केल्यावर अनेकांची सुटका झाली. पण १९४०मध्ये फ्रान्स पडताच त्यांतील काहींना पुन्हा अटक झाली, आणि पुरंदर किल्ल्यावर पुढे कुटुंबांसाठी छावणी उघडली गेली. डार्लिंग समितीचे काम ही सरकारने स्वतःच्याच निर्णयाची केलेली फेरतपासणी होती; ‘न्यायिक पुनर्विलोकन’ त्याहून वेगळे, कारण त्यात सरकारबाहेरचे न्यायालय निर्णय कायद्याच्या चौकटीत व न्याय्य रीतीने झाला की नाही एवढेच पाहते, आश्रयाचा दावा खरा की खोटा हे सहसा नव्याने ठरवत नाही.

१९४६च्या परकीय नागरिक कायद्याने परकीयास देशाबाहेर काढण्याचा अधिकार केंद्राकडे दिला, आणि हान्स म्युलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली तो अनिर्बंध ठरवला. मनेका गांधी खटल्यापासून (१९७८) राज्यघटनेच्या अनुच्छेद २१खालील (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असावी असा दंडक आला, आणि तो अनुच्छेद केवळ नागरिकांसाठी नसून ‘व्यक्ती’साठी असल्याने त्याचे संरक्षण परकीयालाही मिळाले, तरी येथे वास्तव्य करण्याचा हक्क त्याला नाही, हे १९९१च्या लुई डी रेड्ट निकालाने स्पष्ट केले. या अरुंद वाटेतूनच १९९४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महत्त्वाचे पाऊल टाकले: संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने निर्वासित म्हणून मान्यता दिलेल्या एका इराणी माणसाला इराणला धाडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे सांगून त्याला हव्या त्या देशी जाण्याची मुभा दिली. जिथे जिवाला धोका आहे तिथे परत न पाठवण्याचे तत्त्व भारतीय कायद्यात लिहिलेले नसतानाही अशा निकालांतून काही काळ जिवंत राहिले, हे न्यायाधीशांचे श्रेय म्हटले पाहिजे.

हा प्रवाह पुढे एकसारखा वाहिला नाही. जम्मूतील रोहिंग्यांच्या प्रकरणात ८ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विहित कार्यपद्धती पाळून त्यांना परत पाठवण्यास हरकत घेतली नाही. दरम्यान २०१६मध्ये पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनाही मिळाले होते. म्हणजे एकाच देशातून आलेल्या दोघांपैकी एकासाठी सरकारी कचेरीचे दार उघडे, तर दुसऱ्याला उच्च न्यायालयाचाच आधार. १ सप्टेंबर २०२५पासून १९४६च्या कायद्याची जागा नव्या इमिग्रेशन व परकीय नागरिक कायद्याने घेतली, आणि आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्यातही संबंधित व्यक्तीवरच ठेवण्यात आला.